मराठी साइट गूगलला सापडावी म्हणून : एक्सएमएल साइटमॅपचा माझा अनुभव, आणि दोन शंका

ओंजळ
१२ मे २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. पालघरच्या बाजारातून त्यांनी शेवळं ही रानभाजी आणली होती. घरात पहिल्यांदाच शिजणार होती आणि घसा खवखवू नये म्हणून काय करायचं ते त्यांना विचारायचं होतं. "तुम्ही लिहिलंय म्हणालात म्हणून गूगलवर शोधलं, पण तुमचं काहीच येत नाही हो," त्या म्हणाल्या. शेवळांवर माझी पाच पानं आहेत. साफ कशी करायची, काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच कशासाठी घालायची, सगळं फोटोंसकट आहे. त्यांना मी फोनवरच सगळं सांगितलं, पण मनाला फार लागलं. शेवळं बाजारात दिसतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात माहिती सापडली तर उपयोग, नाहीतर वर्ष गेलं.

मग मीच शोधून बघितलं. 'साइट' हा शब्द, पुढे कोलन आणि आपला पत्ता असं गूगलमध्ये टाकलं की आपली किती पानं त्याच्याकडे आहेत याचा ढोबळ अंदाज येतो. खरा हिशोब सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्यांसाठी असलेल्या गूगलच्या मोफत साधनात दिसतो. तिथे खातं उघडलं तेव्हा कळलं, रानभाज्यांवर लिहिलेल्या माझ्या तीनशे चाळीस पानांपैकी गूगलच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे शोधात दाखवण्यासाठी त्याने ठेवून घेतलेल्या पानांत, साठसुद्धा नाहीत. टाकळा नाही, भारंगी नाही, कुरडू नाही.

हे असं का झालं ते शोधायला मला यंदाचा फेब्रुवारी उजाडला. जे सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत हाताने साइट चालवणारे आपल्यात बरेच आहेत आणि माझ्यासारखीच चूक कुणाची झाली असेल तर वेळेवर कळावी.

आधी थोडं साइटमॅपविषयी. आपल्या साइटवर कोणकोणती पानं आहेत याची, शोधयंत्राला वाचता येईल अशी साधी यादी म्हणजे एक्सएमएल साइटमॅप. गूगलने ही पद्धत जून २००५ मध्ये आणली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टही सामील झाले आणि तिघांचा एकच नमुना ठरला. तोच आजही चालतो. यादीतल्या प्रत्येक पानाची एक नोंद असते. तिच्यात 'लॉक' या खुणेत पानाचा पूर्ण पत्ता आणि 'लास्टमॉड' या खुणेत शेवटच्या बदलाची तारीख. आणखी दोन खुणा आहेत, 'चेंजफ्रीक' आणि 'प्रायॉरिटी', पान किती वेळा बदलतं आणि किती महत्त्वाचं आहे ते सांगणाऱ्या. त्या दोन्हींकडे गूगल लक्षच देत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. मी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

आता माझी चूक. २०१९ साली कुणीतरी सुचवलं म्हणून एका मोफत ऑनलाइन साधनावर साइटचा पत्ता टाकला, त्याने बनवून दिलेली फाइल होस्टिंगवर चढवली आणि काम झालं असं समजले. परवा फेब्रुवारीत ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक नोंदीवर एकच तारीख, एकच वेळ, अगदी सेकंदापर्यंत. ज्या क्षणी त्या साधनाने फाइल बनवली तो क्षण! पत्ते सगळे एचटीटीपीचे. साइट मधल्या काळात एचटीटीपीएसवर (सुरक्षित पत्त्यावर) गेली, त्यामुळे यादीतला एकूणएक पत्ता गूगलला दुसऱ्या दारी पाठवत होता. आणि २०१९ नंतर लिहिलेलं एकही पान त्यात नव्हतं. शेवळांची पाचही पानं नंतरची.

त्याहून वाईट वाटलं ते पुढे. माझी साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस ऑगस्ट २०२० पासून, म्हणजे ५.५ या आवृत्तीपासून, स्वतःच साइटमॅप बनवतं आणि रोबोट्स डॉट टेक्स्टमध्ये, म्हणजे शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, त्याचा पत्ताही देतं. पण ते रोबोट्स डॉट टेक्स्ट वर्डप्रेस जागच्या जागी तयार करून दाखवतं. मी २०१९ मध्येच त्याच नावाची खरी फाइल सर्व्हरवर ठेवली होती, त्यामुळे वर्डप्रेसची फाइल कधी पुढे आलीच नाही. चांगली, ताजी यादी साडेचार वर्षं घरात पडून होती आणि मी येणाऱ्याला जुनी हातात देत होते.

दोन्ही जुन्या फाइली काढल्या आणि वर्डप्रेसची यादी ब्राउझरमध्ये उघडली. ती उघडेचना. "ओळ २, स्तंभ ६ : एक्सएमएल डिक्लरेशन फक्त दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच चालतं," असा काहीसा इंग्रजी संदेश. म्हणजे पहिली ओळ रिकामी जात होती. ही रिकामी ओळ कुठून येते ते शोधायला दोन दिवस गेले. थीमच्या (साइटच्या रूपाच्या साच्याच्या) फंक्शन्स फाइलमध्ये सगळ्यात शेवटी पीएचपी हा कोड बंद करणारी खूण होती आणि तिच्यानंतर एक एंटर मारलेला होता. तेवढंच. वेबपानाला एका रिकाम्या ओळीने काही होत नाही, एक्सएमएलला मात्र ती चालत नाही. खूण आणि एंटर दोन्ही पुसले आणि यादी उघडली.

मग यादी वाचायला बसले. पोस्ट, पानं, वर्ग, टॅग, लेखक अशा वेगवेगळ्या याद्या दिसल्या. टॅगच्या यादीत चारशेच्या वर पत्ते! मी उत्साहात प्रत्येक पोस्टला सात-आठ टॅग दिले होते आणि बहुतेक टॅगांखाली एकच पोस्ट होती. एकट्याच्या साइटवर लेखकाच्या पानाला तर काहीच अर्थ नाही. टॅग आणि लेखक दोन्ही यादीतून काढले. उरली ती मी स्वतः लिहिलेली पानं आणि वर्गांची अकरा पानं.

सर्च कन्सोलमध्ये यादी दिली, दुसऱ्या दिवशी 'यशस्वी' असं आलं, मला आनंद झाला. पण महिनाभर पुढे काहीच नाही. बरीचशी पानं 'शोध लागला, सध्या अनुक्रमित नाही' या रकान्यात जाऊन बसली. म्हणजे पत्ता मिळालाय, पण गूगल अजून फिरकलेलं नाही. मग मार्चमध्ये मी ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद अशी महिनावार चार पानं केली, त्या त्या महिन्यात मिळणाऱ्या भाज्यांचे दुवे त्यांत दिले आणि ती चारही पानं मुखपृष्ठावर लावली. त्याआधी जुन्या पोस्टपर्यंत पोचायला 'जुन्या नोंदी'वर तीस-तीस वेळा टिचकी मारावी लागायची. एप्रिलपासून आकडा हळूहळू वर सरकतोय. आज दोनशे दहा आहे.

आता माझ्या शंका.

एक, 'शेवळांची भाजी काकडं घालून कशी करावी' असं शीर्षक दिलं तर वर्डप्रेसने पत्ता केला 'शेवळांची-भाजी-काकडं-घालू'. 'घालून'मधला न आणि पुढचं सगळं गेलं. असं का होतं, आणि त्याने नुकसान होतं का?

दोन, मध्यंतरी सगळ्या पानांच्या तळाशी एक ओळ बदलायची होती, ती एका प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या साधनाने) एकदम बदलली. आता सगळ्या पानांचं लास्टमॉड एकाच दिवसाचं झालंय. हे वाईट का?

---

मुक्कामपोस्ट
१२ मे २०२५, रात्री १०:२५

छान लिहिलंय ताई. पण एक मुद्दा मांडतो. तुमच्या साइटला साइटमॅपची गरजच नव्हती असं माझं मत आहे. गूगलच्याच मार्गदर्शनात आहे की साधारण ५०० पानांपर्यंतची साइट असेल आणि मुखपृष्ठावरून दुव्यांनी प्रत्येक पानापर्यंत पोचता येत असेल तर साइटमॅप नसला तरी चालतो. तुमचं काम केलं ते महिनावार पानांनी. वाडीत नव्या आलेल्या पोस्टमनला घरांची यादी दिली तरी घरापर्यंत वाटच नसेल तर तो जाणार कसा? लोक प्लगिनं चढवतात, याद्या देतात आणि दुव्यांकडे बघत नाहीत. त्याचा मला खरंच त्रास होतो म्हणून स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.

---

ओंजळ
१२ मे २०२५, रात्री १०:५०

राग कशाचा, तुमचं बरोबरच आहे. दुवे आधी. पण यादी नसती तर मला कळलंच नसतं की कोणती पानं बाहेर राहिलीत. सर्च कन्सोलमध्ये पानांचा अहवाल 'दिलेल्या साइटमॅपमधली पानं' एवढ्यापुरता गाळून बघता येतो. टॅगांचा कचरा बाजूला होतो आणि आपण मुद्दाम लिहिलेली, आपल्याला हवी असलेली पानं किती आत आहेत ते नेमकं दिसतं. वाट बांधायची कुठे, ते मला त्या यादीनेच दाखवलं.

---

खडूफळा
१३ मे २०२५, सकाळी ७:१५

ओंजळताई, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर जरा लांब आहे, पण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं असं आहे.

वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या पत्त्यातल्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजीला ती पुरून उरते. देवनागरीचं गणित वेगळं. पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही, तिचं टक्क्याच्या खुणांत रूपांतर होतं. यूटीएफ-८ या, अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्का अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. आणि इथे चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह. 'भा' म्हणजे दोन, 'ळां' म्हणजे तीन.

तुमचंच शीर्षक घेऊ. 'शेवळांची' आठ चिन्हं, ७२. 'भाजी' चार, ३६. 'काकडं' पाच, ४५. मधल्या तीन आडव्या रेघा प्रत्येकी एक. इथवर १५६ झाले. 'घालू' चार चिन्हं, ३६, बेरीज १९२. आता 'न'ला नऊ लागणार, होतात २०१. एकाने हुकलं! म्हणून 'न' गळला आणि त्याच्यापुढचं सगळं सोडून दिलं. थोडक्यात, मराठी शीर्षकाची साधारण बावीस चिन्हं पत्त्यात मावतात.

नुकसान म्हणाल तर गूगल त्या अर्ध्या शब्दाने पान नाकारत नाही. खरी अडचण दुसरी. समजा तुम्ही उद्या 'शेवळांची भाजी काकडं घालून, आईच्या पद्धतीने' असं दुसरं पान लिहिलंत. त्याचाही पत्ता तिथेच तुटणार, मग वर्डप्रेस पुढे २ लावून वेळ मारून नेणार. वर्षभराने साइटमॅपमध्ये दोन जवळजवळ सारखे पत्ते दिसतील आणि कुठला कशाचा ते तुम्हालाही सांगता येणार नाही. शिवाय असा पत्ता कुणी व्हॉट्सॅपवर चिकटवला की टक्क्यांची चार-चार ओळींची माळ होते आणि मध्येच तुटली की दुवा मेला.

म्हणून पान प्रसिद्ध करायच्या आधी पत्ता हाताने आखूड करा. 'शेवळं-काकडं' पुरे. रोमन लिपीत दिलात तरी हरकत नाही, पण मी देवनागरीच ठेवतो, निकालात पत्ता बहुतेक वेळा वाचता येतो आणि मला ते आवडतं. जुन्या पानांचे पत्ते मात्र उगाच बदलू नका. बदललाच तर जुन्यावरून नव्यावर ३०१ने, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' या संकेताने, वळवायला हवं. पोस्टच्या बाबतीत वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून ते स्वतःच करतं, तरी एकदा तपासून बघा.

दुसरी शंका. लास्टमॉड हे वचन आहे. तारीख सातत्याने खरी निघाली तरच गूगल ती विचारात घेतं. पानाचा मुख्य मजकूर बदलला, दुवे बदलले, तर ती नवी तारीख रास्त. तळाशी २०२४ चं २०२५ केलं तर तो बदल नव्हे. एकदा झालं ते झालं, पण दर महिन्याला सगळी पानं 'आजच बदलली' म्हणू लागली तर तुमच्या खऱ्या बदलांवरही विश्वास राहणार नाही. जाता जाता, वर्डप्रेसच्या स्वतःच्या साइटमॅपमध्ये लास्टमॉड ६.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ मध्ये आलं. त्याआधी नुसते पत्तेच असायचे.

---

पायवाट
१३ मे २०२५, दुपारी १:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). खडूफळा सर, बावीस चिन्हांचा हिशोब पहिल्यांदाच कळला, मनापासून धन्यवाद.

माझा कवितांचा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर आहे. तिथे ही फाइल कुठे चढवायची? आणि माझे सगळे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे असेच का होतात?

---

खडूफळा
१३ मे २०२५, दुपारी २:४०

काहीही चढवायचं नाही. ब्लॉगर साइटमॅप स्वतः बनवतं. तुमच्या पत्त्यापुढे साइटमॅप डॉट एक्सएमएल लिहून बघा, दिसेल. 'माझ्याविषयी' वगैरे स्थिर पानांची यादी वेगळी असते, तिच्या नावात साइटमॅप, आडवी रेघ आणि पेजेस असं येतं. दोन्ही सर्च कन्सोलमध्ये द्या. स्वतःचा डोमेन जोडला असेल तर कन्सोलमध्येही तोच घाला, जुना ब्लॉगस्पॉटचा नको. लेबलांची पानं सर्च या फोल्डराखाली येतात आणि ब्लॉगरचं नेहमीचं रोबोट्स डॉट टेक्स्ट ती अडवतं. ते योग्यच आहे, त्याची काळजी करू नका.

पत्त्याचं कारण असं की ब्लॉगर शीर्षकातली देवनागरी गाळून टाकतं. मग उरतं काय? काहीच नाही, म्हणून ते 'ब्लॉग-पोस्ट' लावतं. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये सानुकूल पर्याय निवडून रोमन अक्षरांत नाव द्या. तिथे देवनागरी चालत नाही.

---

गोदाकाठ
१३ मे २०२५, रात्री ११:३०

माझी साइट महाराष्ट्रातल्या नद्यांवर आहे, हाताने लिहिलेली पीएचपी, वर्डप्रेस नाही. साइटमॅपही मीच एका छोट्या स्क्रिप्टने डेटाबेसमधून बनवतो. मला आलेला एक अनुभव इथे नोंदवतो, तो फक्त आपल्याच भाषेत येऊ शकतो.

सासवड, जेजुरी, मोरगावची कऱ्हा. तिच्यावरचं पान साइटमॅपमध्ये होतं, सर्च कन्सोल मात्र सांगायचं '४०४, सापडलं नाही'. मी ब्राउझरमध्ये मुखपृष्ठावरच्या दुव्यावर टिचकी मारली की पान व्यवस्थित उघडायचं. यादीतला पत्ता आणि दुव्यातला पत्ता शेजारी शेजारी ठेवून कितीदा वाचले, शब्द तोच, कऱ्हा. तीन आठवडे मी सर्व्हरला दोष देत होतो.

शेवटी दोन्हींची टक्क्यांची रूपं काढली आणि लांबी मोजली. एक ४५ अक्षरं, दुसरं ५४. एक चिन्ह जास्त! ऱ्ह मधला तो अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन पुढे हलन्त. दोन, साधा 'र', हलन्त आणि पुढे डोळ्याला न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मुखपृष्ठ मी फोनवर टंकलं होतं, डेटाबेस संगणकावर, वेगळ्या कळफलकाने. साइटमॅपमध्ये डेटाबेसमधलं रूप, फाइलीला नाव मात्र मुखपृष्ठावरच्या रूपाचं.

तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये पत्ता तयार होण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ आहे. युनिकोडची नेहमीची नॉर्मलायझेशन (वेगवेगळी रूपं एक करण्याची) प्रक्रिया हे करत नाही, तो जोडक ती तसाच ठेवते. दऱ्या, वारकऱ्यांचे रस्ते, पायऱ्या, कोऱ्हाळे, जिथे जिथे हा र येतो तिथे ज्यांची साइट हाताने बनवलेली आहे त्यांनी एकदा तपासाच.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी आणखी थोडं. फाइल यूटीएफ-८ मध्येच हवी. पत्त्यात अँपरसँड (&) असेल तर तो तसाच्या तसा लिहून चालत नाही, त्याऐवजी एक्सएमएलमधलं '&' वापरावं लागतं, नाहीतर पूर्ण फाइल वाचता येत नाही. लास्टमॉडमध्ये नुसती तारीख दिली तरी चालते, पण वेळ दिलीत तर पुढे वेळक्षेत्रही द्यायलाच हवं, आपल्यासाठी अधिक ०५:३०. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते आणि कॉम्प्रेस न केलेल्या स्थितीत ५० एमबी ही मर्यादा आहे. आपल्यापैकी कुणी तिथवर जाणार नाही, पण तरीही मी कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा वेगळ्या फाइली करून त्यांची एक अनुक्रमणिका दिली आहे. कारण कन्सोलमध्ये फाइलवार हिशोब बघता येतो. विदर्भाची पानं मागे आहेत हे मला तसंच कळलं. वैनगंगेच्या उपनद्यांना मी कुठूनच दुवा दिला नव्हता.

आणि एक्सएमएल जमतच नसेल तर साधी टेक्स्ट फाइलही चालते. एका ओळीत एक पत्ता, बाकी काही नाही. तारखा देता येत नाहीत एवढंच.

---

मुक्कामपोस्ट
१४ मे २०२५, सकाळी ८:५०

गोदाकाठ, दंडवत. मी वर 'साइटमॅपची गरज नाही' म्हणालो होतो, ते तुमच्या प्रतिसादापुरतं मागे घेतो. ही चूक यादीशिवाय पकडताच आली नसती.

---

नदीकाठी
१४ मे २०२५, रात्री ९:१०

उपयुक्त धागा. मी एके ठिकाणी वाचलं की गूगलच्या एका ठराविक पत्त्याला 'पिंग' केलं, म्हणजे साइटमॅप बदलल्याची वर्दी दिली, की तो लगेच येऊन साइटमॅप वाचतो. माझ्या होस्टिंगवर रोज रात्री तसं करणारं काम लावून ठेवलंय. त्याने फरक पडतो का?

---

गोदाकाठ
१४ मे २०२५, रात्री ९:४५

ते बंद करा. गूगलने जून २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या वर्षाअखेरीस ती सोय बंद केली. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने तर त्याआधीच, २०२२ मध्ये, निनावी पिंग घेणं थांबवलं होतं. दोघांचं कारण एकच, बहुतेक पिंग कचऱ्याचे होते. आता मुख्य मार्ग दोनच, रोबोट्स डॉट टेक्स्टमध्ये 'साइटमॅप' लिहून पुढे पूर्ण पत्ता, आणि सर्च कन्सोलमध्ये एकदा देणं. एकदाच. रोज रोज पुन्हा देऊन काही होत नाही.

बिंगसाठी इंडेक्सनाऊ नावाची पद्धत आहे, २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्सने आणलेली. तिच्यात पान बदललं की लगेच कळवता येतं. गूगल मात्र ती वापरत नाही.

---

धुळाक्षरं
१६ मे २०२५, सायंकाळी ६:२०

आमच्या ग्रंथालयाच्या साइटबद्दल लिहितो, कारण ती परिस्थिती अजून अनेक ठिकाणी असेल.

साइट २००४ सालची. दुर्मिळ ग्रंथांची सूची तिच्यावर आहे. दीडशेएक पानं. परवा एका तरुण सभासदाने साइटमॅप बनवून दिला, सर्च कन्सोलमध्ये सगळी पानं अनुक्रमित दिसतात. तरीही कुणी ग्रंथाचं नाव मराठीत शोधलं तर आमचं पान येत नाही. ओंजळताईंचा धागा वाचून मी पानाचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवून बघितला. इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा ढीग आला. म्हणजे मजकूर युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये आहे. डोळ्याला मराठी दिसतं ते फक्त फाँटमुळे. गूगलला त्यात मराठीचं एकही अक्षर दिसत नाही.

म्हणजे यादी देऊन आम्ही गूगलला दारापर्यंत आणलं, पण आत पुस्तकांवर नावंच नाहीत, अशी गत झाली. आता सूची युनिकोडमध्ये आणण्याचं काम हाती घेतलंय. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात. त्यामुळे दोन निवृत्त शिक्षक सभासद प्रत्येक नोंद मूळ कार्डाशी ताडून बघतायत. दिवसाला साधारण चाळीस नोंदी होतात. एवढं सगळं पूर्ण व्हायच्या आत साइटमॅप काढून ठेवावा का?

---

खडूफळा
१६ मे २०२५, रात्री ८:०५

काढू नका काका. जे पान पूर्ण झालं त्याचं लास्टमॉड त्या दिवशीचं करा, बाकीच्यांचं तसंच राहू द्या. हा बदल अगदी खरा बदल आहे, गूगलने परत येऊन वाचावं असाच. दीडशे पानांत कुठलं नवं झालं ते यादीतूनच कळेल. आणि पत्ते बदलू नका, फक्त आतला मजकूर बदला, म्हणजे वीस वर्षांत कुणी कुठे दिलेले दुवे जिवंत राहतील. त्या दोन्ही गुरुजींना माझा नमस्कार सांगा.

---

टाकसाळ
१७ मे २०२५, सकाळी १०:३०

माझी साइटमॅप फाइलच ४०४ येते, वर्डप्रेस आहे, कसलंही प्लगिन नाही. कुणाला कल्पना?

---

ओंजळ
१७ मे २०२५, सकाळी ११:००

सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. तिथे 'शोधयंत्रांना ही साइट अनुक्रमित न करण्यास सांगा' अशा अर्थाचा चौकोन आहे. त्यावर खूण असेल तर वर्डप्रेस साइटमॅप बनवतच नाही. साइट बनवताना ती खूण करतात आणि पुढे काढायचं राहून जातं.

---

टाकसाळ
१७ मे २०२५, सकाळी ११:२०

तीच होती! साइट बनवून देणाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी ठेवलेली. दोन वर्षं. काढली, यादी दिसायला लागली. खूप आभार ताई.

---

ओंजळ
८ जून २०२५, रात्री १०:१५

थोडं पुढचं कळवते.

यंदा पाऊस फार लवकर आला, २५ मेलाच कोकणात. शेवळंही लवकर आली. मी घाईघाईने शेवळांची पाच पानं पुन्हा वाचली, दोन फोटो नवे घातले, साफ करण्याची रीत अधिक नीट लिहिली, आणि सर्च कन्सोलमध्ये त्या पाच पत्त्यांसाठी स्वतंत्रपणे अनुक्रमणाची विनंती केली. ही विनंती दिवसाला मोजकीच करता येते, म्हणून हंगामाच्या पानांसाठी राखून ठेवली होती. चार पानं आत आली. 'शेवळं कशी साफ करायची' असं शोधल्यावर माझं पान पहिल्या पडद्यावर दिसलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

गेल्या आठवड्यात ठाणे, वसई, पनवेल, रोह्याकडून मिळून अकरा जणांनी पानाखाली प्रश्न विचारले. एकीने विचारलं की काकडं मिळाली नाहीत तर बोंडारा चालेल का. ते मलाही माहीत नव्हतं. आईला विचारून उत्तर देणार आहे.

एकूण आकडा आज दोनशे बासष्ट. फोडशीची तिन्ही पानं मात्र अजून 'क्रॉल केलं, सध्या अनुक्रमित नाही' मध्येच आहेत. गूगलने येऊन वाचलंय, पण ठेवून घेतलेलं नाही. मी ती पुन्हा वाचली आणि मलाच पटलं. फोडशी, कुळी आणि कुलू अशा तीन नावांनी तीन पानं लिहिली होती, पण भाजी एकच आणि मजकूर जवळजवळ तोच. आता तिन्ही मिळून एक चांगलं पान करायचं, नावं तिन्ही त्यातच द्यायची आणि उरलेल्या दोघांना ३०१ने तिकडे वळवायचं असं ठरवलंय. बरोबर ना?

---

गोदाकाठ
८ जून २०२५, रात्री १०:४०

बरोबर. फक्त ती दोन पानं वळवल्यावर ती साइटमॅपमधूनही गेलीत ना ते डोळ्यांनी बघा. वर्डप्रेसमध्ये पोस्ट तशीच ठेवून प्लगिनने नुसता पत्ता वळवला तर ती यादीत राहते. पोस्ट मसुद्यात टाका किंवा काढा, मग जाईल. आणि श्रावणाच्या पानावरचे दुवे नव्या पत्त्याचे करा.

---

ओंजळ
८ जून २०२५, रात्री १०:४५

श्रावणाच्या नाही, आषाढाच्या पानावर आहे फोडशी. करते उद्या सकाळी.